अनोळखी बिअर घेण्याआधी ऑनलाइन परीक्षणं कशी वाचायची : सोलापूरकरांसाठी

विजापूर रोड असो की होटगी रोड, बिअर शॉपीच्या काचेच्या फ्रिजमध्ये पूर्वी मोजकीच नावं दिसायची. आता त्याच फ्रिजमध्ये रंगीत टिनांच्या रांगा असतात. त्यात गव्हाची बिअर असते, 'अल्ट्रा' असते, 'मॅग्नम' असते, एखादी बेल्जियन नावाचीही असते. काउंटरवरच्याला विचारलं की उत्तर ठरलेलं, "घ्या की ओ, लई चालतीय सध्या." ती चालत असेलही, पण तुम्हाला चालेल का, हे त्याला कुठून ठाऊक असणार? मग मोबाइल बाहेर निघतो. अॅपवर ३.४ असा आकडा दिसतो, यूट्यूबवर एक जण 'एकदम स्मूथ' म्हणतो आणि खाली कुणीतरी 'बकवास' लिहिलेलं असतं. तिघंही खरं बोलत असतील, तरी तुमचा निर्णय होत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. परीक्षण वाचून बिअर चांगली की वाईट हे ठरत नाही. ती तुमच्या जिभेला किती जवळची आहे, एवढंच त्यातून कळू शकतं, आणि तेही परीक्षण लिहिणाऱ्याला आधी पारखून घेतलं तरच. ते पारखायचं कसं, हे पुढे क्रमाने सांगतो.

त्याआधी कायद्याचं दोन वाक्यांत. महाराष्ट्रात बिअर घ्यायला वय २१ पूर्ण लागतं आणि मद्यसेवनाचा परवानाही लागतो. परवाना कुणी विचारत नाही म्हणून तो नसला तरी चालतो, असा त्याचा अर्थ होत नाही.

सुरुवात इंटरनेटपासून नको, फ्रिजपासून करा

बहुतेक जण उलटं करतात. 'भारतातल्या सर्वोत्तम दहा बिअर' अशी यादी वाचतात आणि मग ती नावं शोधत सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंत फिरतात. त्यातलं बरंचसं इथे मिळतच नाही. आपल्याकडे दारूचा कारभार राज्यागणिक वेगळा आहे. प्रत्येक ब्रँडला त्या त्या राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याची मंजुरी लागते, म्हणून बाटलीवर 'फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी' अशा अर्थाचा मजकूर असतो. बंगळुरूचा माणूस ज्या बिअरवर भरभरून लिहितो, ती सोलापुरात येईलच असं नाही. कर्नाटकची हद्द आपल्याला जवळ आहे हे खरं, पण तिकडची बाटली परवान्याशिवाय इकडे आणणं हा गुन्हा आहे. तो नाद सोडा.

पुण्यातल्या मायक्रोब्रुअरींचं, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देणाऱ्या ठिकाणांचंही तेच. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, डूलाली, २००९ साली पुण्यातच सुरू झाली, आणि भारतीय बिअरवरच्या चांगल्या मजकुरातला मोठा भाग अशा ठिकाणच्या ताज्या, नळातून ओतलेल्या बिअरबद्दल असतो. हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन प्यायची तर तो मजकूर जरूर वाचा. नेहमीच्या शॉपीतल्या खरेदीला त्याचा उपयोग नाही.

म्हणून आधी दुकानात जा आणि फ्रिजमधल्या अनोळखी बाटल्यांचा पुढून आणि मागून फोटो काढा. गर्दी नसताना जा, दुपारी तीन-चारच्या सुमाराला; संध्याकाळी काउंटरवर उभं राहून लेबलं वाचलीत तर मागचे लोक ऐकवतील. फोटोत पूर्ण नाव, अल्कोहोलचं प्रमाण, कुठे बनली आणि कधी बनली या चार गोष्टी आल्या पाहिजेत. शोधायला आता घरी बसा.

परीक्षण लिहिणाऱ्याची परीक्षा

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे, आणि नेमका हाच लोक गाळतात.

तुम्ही भरपूर प्यायलेल्या, चव तोंडात पक्की बसलेल्या दोन-तीन बिअर निवडा. समजा किंगफिशर प्रीमियम, टुबोर्ग स्ट्राँग आणि बडवायझर. प्रत्येकीबद्दल कागदावर दोन ओळी लिहा. काय आवडतं? काय खटकतं? 'मस्त' किंवा 'ओके' असले शब्द नकोत. गोडसर लागते का, कडवटपणा घोटानंतर रेंगाळतो का, अंगाला पातळ वाटते की भरीव, गार असताना बरी पण कोमट झाली की नकोशी होते का, असं लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. पण आपल्याला नक्की काय आवडतं हे बहुतेकांनी कधी शब्दांत मांडलेलंच नसतं.

आता अनोळखी बिअरचं नाव बाजूला ठेवा आणि याच ओळखीच्या बिअरची परीक्षणं वाचा. अनटॅप्ड हे बिअरला गुण देण्याचं, २०१० पासूनचं अॅप यासाठी सोयीचं आहे. बिअर अॅडव्होकेट हे संकेतस्थळ त्याहून जुनं, १९९६ सालचं, आणि तिथली परीक्षणं लांबलचक असतात. जुन्या चर्चांमध्ये रेटबिअरचे दुवे सापडतील, पण ते संकेतस्थळ २०२५ मध्ये बंद झालं.

वाचताना तुमच्या कागदाशी जुळणारं लिहिणारा माणूस शोधा. तुम्हाला टुबोर्ग स्ट्राँग शेवटी गोडसर लागते आणि त्यानेही तसंच लिहिलंय, तर त्याच्या नावावर क्लिक करा आणि त्याने इतर बिअरबद्दल काय लिहिलंय ते पाहा. असे तीन-चार जण सापडले तर काम झालं. त्यांचं मत हजार अनोळखी लोकांच्या सरासरीपेक्षा तुमच्या जास्त उपयोगाचं आहे. भारतात राहणारे, शक्यतो महाराष्ट्रातले असतील तर आणखी बरं, कारण ते पितात ती बाटलीही तुमच्याच बाजारातली असते.

तुमच्या अगदी उलट जिभेचा माणूस सापडला तर त्यालाही सोडू नका. ज्याला कडवट अजिबात सोसत नाही त्याने 'फार कडू, अर्धी टाकून दिली' असं लिहिलं आणि तुम्हाला कडवट आवडतं, तर ती तुमच्यासाठी शिफारसच झाली. तो प्रत्येक वेळी त्याच दिशेने चुकतो, एवढी खात्री मात्र करून घ्या.

आकड्याचं काय करायचं

अनटॅप्डवर पाचपैकी गुण असतात, पाव-पाव गुणाच्या टप्प्याने. आपल्या नेहमीच्या लागर (किंगफिशर, बडवायझर यांच्या जातीच्या) बिअर तिथे साधारण तीनच्या आगेमागे रेंगाळतात आणि परदेशातले गडद, दणदणीत इम्पीरियल स्टाउट (भाजलेल्या धान्याच्या काळ्या, जास्त अल्कोहोलच्या बिअर) चारच्या वर जातात. यावरून लागर वाईट ठरत नाही. असे गुण देणारे हौशी लोक तीव्र चवीला झुकतं माप देतात, आणि हलक्या, स्वच्छ चवीच्या बिअरला 'ठीक आहे' म्हणून पुढे जातात. शेंगा चटणी आणि श्रीखंड यांना एकाच रांगेत नंबर द्यावेत, तसा तो प्रकार आहे. म्हणून तुलना त्या त्या प्रकारातच करा, लागरची लागरशी आणि गव्हाच्या बिअरची गव्हाच्या बिअरशी. लागरला ३.४ असतील तर ते चांगले गुण आहेत. तेच ३.४ एखाद्या आयपीएला (कडवट, वासाला तीव्र अशा बिअरला) असतील तर जरा सावध व्हा.

कोण गुण देतंय हेही बघा. नव्या छोट्या कंपनीच्या बिअरला सुरुवातीला मुद्दाम शोधत आलेले चाहते गुण देतात, त्यामुळे आकडा फुगतो. किंगफिशरला गुण देणाऱ्यांत मात्र गोव्याच्या किनाऱ्यावर उन्हात बसलेला पर्यटकही असतो आणि इंग्लंडात करीसोबत ती पिणारा गोराही असतो. पन्नासेक जणांच्या सरासरीवर मी पैसे लावत नाही. पाचशेच्या पुढे आकडा स्थिरावू लागतो.

शब्दांकडे लक्ष द्या

चांगल्या परीक्षणात विशेषणं कमी आणि वस्तूंची नावं जास्त असतात. 'स्मूथ', 'प्रीमियम', 'नेक्स्ट लेव्हल' वाचून काहीच कळत नाही. 'केळं', 'लवंग', 'ब्रेडचा पाव', 'संत्र्याची साल' वाचून कळतं.

केळं आणि लवंग हे जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचं लक्षण आहे. तो वास यीस्टमधून येतो, कुणी केळं घातलेलं नसतं. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र खरोखरच धणे आणि संत्र्याची साल घालतात. हूगार्डन हे त्याचं माहितीतलं उदाहरण. धणे आपल्या स्वयंपाकात रोजचे, त्यामुळे हा वास आपल्याला चटकन ओळखू येतो. काहींना तो आवडतो, काहींना बिअरमध्ये तो विचित्र वाटतो. या बिअर मुळात गढूळच असतात, तेव्हा 'गढूळ होती' म्हणून कमी गुण देणाऱ्याचं मत सोडून द्या. हेच लागरबद्दल लिहिलेलं असेल, विशेषतः बाटलीत कण तरंगत होते असं असेल, तर ती खरी तक्रार आहे.

'हॉपी' म्हटलं की बिअरमध्ये घालतात त्या हॉप्स या फुलांचा कडवटपणा आणि लिंबूवर्गीय किंवा पाइनसारखा वास. 'माल्टी' म्हणजे पाव, बिस्किट, कॅरॅमल यांच्याकडे झुकणारी चव. 'क्रिस्प' किंवा 'ड्राय' असेल तर गोडवा मागे उरत नाही. स्टाउटच्या परीक्षणात कॉफी, चॉकलेट, करपलेलं हे शब्द दोष म्हणून येत नाहीत. ती चव कडक भाजलेल्या धान्याची असते.

काही शब्द मात्र दोषाचेच असतात. लोण्यासारखा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास लागरमध्ये सहसा नको असतो. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर पुरती मुरण्याआधी भरली गेल्याची शक्यता. उकडलेल्या मक्याचा वास काही लागरमध्ये थोडा चालतो, जास्त झाला की तोही दोष. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे दोन : 'भिजलेला पुठ्ठा' आणि 'स्कंक'. पुठ्ठ्याची चव बिअर जुनी झाल्याने, हवेशी संपर्क येऊन येते आणि उष्णतेत लवकर येते. स्कंकचा, म्हणजे त्या नावाच्या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा, उग्र, कुजकट वास उजेडाने येतो. हॉप्समधले घटक प्रकाशाने मोडतात आणि गंधकयुक्त संयुग तयार होतं. तपकिरी काच त्यापासून बरंच संरक्षण देते, हिरवी कमी, पारदर्शक जवळजवळ नाहीच. करोनासारख्या पारदर्शक बाटलीतल्या बिअरच्या परीक्षणांत ही तक्रार वारंवार दिसते ती त्यामुळेच.

म्हणजे हे दोन दोष बहुधा कारखान्याचे नसतात, साठवणुकीचे असतात. पन्नास परीक्षणांत तीन जण 'पुठ्ठा' म्हणत असतील तर त्या तिघांच्या दुकानाचा प्रश्न आहे. तीसजण म्हणत असतील तर ती बिअर तुमच्यापर्यंत येता येता दमते असं समजा.

भारतीय परीक्षणांत आणखी एक गोष्ट भरपूर असते : किक किती बसली आणि सकाळी डोकं दुखलं का. किक लेबलवरच्या टक्क्यांवरून आणि किती प्यायलात त्यावरून ठरते. डोकेदुखीला पाणी, झोप, जेवण, शिवाय दुसऱ्या दिवशीचा बॉसही कारण असू शकतो. ही परीक्षणं मी सरळ ओलांडून जातो.

त्यांनी प्यायलेली आणि तुमच्या हातातली, एकच आहे का?

नाव पूर्ण टाकून शोधा. 'बडवायझर' आणि 'बडवायझर मॅग्नम' वेगळ्या. 'किंगफिशर'च्या नावाखाली प्रीमियम, स्ट्राँग, अल्ट्रा, अल्ट्रा मॅक्स असा मोठा गोतावळा आहे. टुबोर्गची युरोपातली परीक्षणं पाच टक्क्यांच्या आतल्या लागरची असतात, आपल्याकडे शॉपीत समोर येते ती बहुधा स्ट्राँग. शोधताना वर येणारा यंत्राने केलेला सारांश या सगळ्यांची खिचडी करून देतो. तो वाचूच नका.

परदेशी नाव म्हणजे परदेशी बिअर असंही नाही. आपल्याकडच्या कित्येक जागतिक ब्रँडची बिअर छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात बनते, सोलापूरपासून एका दिवसात ट्रक पोचेल एवढ्या अंतरावर. उलट प्रकारही आहे. इंग्लंडात विकली जाणारी किंगफिशर वर्षानुवर्षं तिथेच, केंटमधल्या शेफर्ड नीम या कंपनीत बनत होती. इंग्रजाने तिच्याबद्दल लिहिलेलं आपल्या किंगफिशरला जसंच्या तसं लावता येत नाही. म्हणून फोटोतलं 'कुठे बनली' बघा, आणि परीक्षण त्याच देशातलं निवडा.

परीक्षणाची तारीखही बघा. पाककृती बदलते, कारखाना बदलतो, मालक बदलतो. दोन-तीन वर्षांपलीकडचं मी पार्श्वभूमी म्हणून वाचतो, पुरावा म्हणून नाही.

पैसे घेऊन बोलणारे

दारूच्या थेट जाहिरातीला टीव्हीवर बंदी आहे, त्यामुळे कंपन्यांचा पैसा आडवाटेने वाहतो, आणि यूट्यूब-इन्स्टाग्राम ही त्यातली मोठी वाट आहे. जाहिरात क्षेत्रातल्या एएससीआय या संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम केले, पैसे किंवा भेटवस्तू घेतली असेल तर तसं सांगायचं. ऑनलाइन परीक्षणांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९००० हे मानक २०२२ मध्ये आलं, पण ते ऐच्छिक आहे. थोडक्यात, राखण तुम्हालाच करायची आहे.

व्हिडिओत मी हे बघतो : तो बिअर ग्लासात ओततो का, की टिनावरचं चित्रच फिरवून दाखवतो? उत्पादनाची तारीख दाखवतो का? त्याच्या चॅनलवर एकातरी बिअरला त्याने नाक मुरडलंय का? ज्याला सगळंच आवडतं त्याची जीभ आपल्या कामाची नाही. मराठी-हिंदीतले काही जण साध्या खोलीत बसून, बिलासकट, प्रामाणिकपणे बोलतात. त्यांच्या व्हिडिओखालच्या कॉमेंट तर कधीकधी व्हिडिओपेक्षा उपयोगी असतात, कारण तिथे कोणत्या गावात कोणत्या तारखेची बाटली कशी निघाली ते लोक लिहितात.

दुकानांची गूगलवरची परीक्षणंही वाचा, पण चवीसाठी नाही. 'गार नसते', 'छापील किमतीपेक्षा जास्त घेतात', 'जुना माल देतात' हे तिथे कळतं. नकाशावर दुकानाच्या नावासमोर दिलेल्या मोबाइल नंबरवर घरपोचसाठी आगाऊ पैसे मात्र पाठवू नका. वाइन शॉपच्या नावाने खोटे नंबर टाकून लुबाडण्याचे प्रकार बऱ्याच शहरांत झाले आहेत.

दुकानात : उन्हाळ्याचा हिशेब

इतकं वाचून नाव ठरलं, तरी शेवटचा निर्णय बाटली बघूनच. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ च्या घरात जातो. थंड देशातल्या माणसाने ताजी, फ्रिजमधून काढलेली बिअर पिऊन चार गुण दिलेले असतात. तीच बिअर पत्र्याच्या गोदामात उन्हाळा काढून आली असेल तर ते चार गुण तिचे राहिलेले नसतात.

म्हणून तारीख बघा. बऱ्याच बिअरवर सहा महिन्यांची मुदत असते. साध्या लागरला मी तीन-चार महिन्यांपर्यंत हरकत घेत नाही, पण गव्हाची किंवा हॉप्सच्या वासावर जगणारी आयपीए असेल तर दोन-तीन महिन्यांच्या आतलीच घेतो. जूनमध्ये बाटलीवर फेब्रुवारीची तारीख असेल तर तिने अख्खा उन्हाळा पाहिलेला आहे. तीच चार महिन्यांची बाटली डिसेंबरात मी निवांत घेईन.

दर्शनी काचेत उन्हात मांडलेली, फ्रिजच्या ट्यूबलाइटला अगदी चिकटून उभी असलेली हिरवी किंवा पारदर्शक बाटली टाळा. खोक्यातली मागा. टिन मिळत असेल तर उत्तमच, त्यात उजेड शिरत नाही. शेकडो प्रकार ठेवणाऱ्या दुकानापेक्षा थोडेच प्रकार पण भराभर खपवणारं दुकान अनोळखी बिअरसाठी बरं. लई चालतीय या वाक्याचा खरा उपयोग इथे आहे : चालत असेल तर माल ताजा असण्याची शक्यता जास्त.

पहिली खरेदी आणि पहिला घोट

पहिल्यांदा ३३० मिलीची पिंट किंवा ५०० मिलीचा टिन घ्या, एकच. ६५० ची बाटली आवडली नाही तर ती संपवायचा आग्रह स्वतःच स्वतःला करत बसाल. हिशेबही बघा : ५ टक्क्यांच्या ३३० मिलीत साधारण १३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, ८ टक्क्यांच्या ६५० मिलीत ४१ ग्रॅम. दोन्हीला आपण 'एक बिअर'च म्हणतो. भारतात स्ट्राँग म्हणजे ५ ते ८ टक्के, आणि लेबलवर कित्येकदा नुसती कमाल मर्यादा छापलेली असते, म्हणून वरचाच आकडा धरा. गाडीला किल्ली लावू नका; कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि ती मर्यादा ओलांडायला फार लागत नाही.

ग्लासात ओता. बर्फासारखी गार असताना जीभ बधिर होते आणि परीक्षणात लिहिलेलं काहीच लागत नाही. लागर गारच बरी, गव्हाची थोडी कमी गार, स्टाउट आणखी थोडी कमी. आपल्याकडे मे महिन्यात थांबावं लागतच नाही, ती आपोआप त्या तापमानाला येते.

पहिले चार घोट चखण्याशिवाय घ्या. त्यानंतर शेंगा चटणी, खारे शेंगदाणे, काय हवं ते. झणझणीत मटणासोबत कडवट आयपीए आणखी झोंबते, हे परदेशी परीक्षणात सापडणार नाही. तिथे साधी लागर किंवा गव्हाचीच बरी.

मग तुमचा जुना कागद काढा आणि दोन ओळी लिहा, तशाच वस्तूंच्या नावांनी. अॅपवर टाकणार असाल तर पूर्ण नाव, टिन की बाटली, उत्पादनाचा महिना, प्यायल्याचा महिना आणि 'सोलापूर' एवढं नक्की लिहा, मराठीत लिहिलंत तरी चालेल. अक्कलकोट रोडवरच्या कुणाला पुढच्या मे महिन्यात तोच टिन दिसेल, तेव्हा बेल्जियममधल्या चार गुणांपेक्षा त्याला तुमच्या त्या दोन ओळी हव्या असतील.